सार कुणीही करील

“एक जानेवारी एकोणीसशे एकोणऐंशी,” सेक्रेटरी राजोपाध्ये कागद हातभर लांब धरून वाचत होते, “या दिवशी ब्रिगेडियर यशवंतराव कारखानीस यांनी पॅरिसहून आणलेल्या मूळ कृतीनुसार, याच काउंटरवर, प्रथमच ‘ऑकलंड मेरी’ सिद्ध केली. कसं वाटतं?”

“सिद्ध केली! वा!” हर्षद कारखानीस म्हणाला. “डॅडींना आवडलं असतं.”

मी काउंटरच्या आत उभा राहून ग्लास पुसत होतो. सिद्ध केली म्हणे! जणू ब्रिगेडियरसाहेब वैद्य होते आणि खलबत्त्यात मात्रा घोटत बसले होते. आयुष्यात त्या माणसाने स्वतःच्या हाताने बर्फाचा खडा ग्लासात टाकलेला मी पाहिला नाही. आणि पॅरिस? ब्रिगेडियर पॅरिसला गेले असतील तर मी चंद्रावर जाऊन आलोय.

ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या नोव्हेंबरातली. आमचा ऑकलंड क्लब नगरच्या छावणीला लागून होता. साहेब लोक गेले तेव्हा मागे एक बिलियर्डचं टेबल, एका काचेच्या डोळ्याचं सांबराचं मुंडकं आणि भरपूर ऐट ठेवून गेले. ती ऐट आमच्या सभासदांनी जिवापाड जपली. निवृत्त फौजी, डॉक्टर, साखर कारखान्याचे दोन संचालक आणि तीन बिल्डर. यांच्या आजोबांना साहेबाने फाटकाच्या आत घेतलं नसतं, म्हणून आता हे दुसऱ्या कुणाला आत घेत नव्हते.

ऑकलंड मेरी म्हणजे आमच्या क्लबची ब्लडी मेरी. टोमॅटोचा रस, व्होडका, लिंबू, मिरी, तिखट सॉस. वर खोचायची सेलरीची दांडी नगरला मिळत नाही म्हणून तिच्या जागी कांद्याची पात. रविवारी सकाळी आदल्या दिवसाचा उतारा म्हणून घ्यायची. जगात ही मूळ कुणाची यावर भांडणं आहेत. पॅरिसचा एक बारवाला म्हणतो माझी, न्यूयॉर्कचा एक नट म्हणतो माझी. त्या भांडणात आता नगरने उडी घ्यायची होती. क्लबला शंभर वर्षं झाली तेव्हा कुणाला आठवण राहिली नाही, पण या दारूला पंचवीस होणार म्हटल्यावर कमिटीच्या सहा बैठका झाल्या. रंगकाम काढलं, नवं स्वयंपाकघर काढलं, आणि काउंटरमागच्या भिंतीवर पितळी पाटी लावायचं ठरलं.

त्या पाटीवर माझं नाव हवं होतं. सरळच सांगतो, मला ते फार हवं होतं. मी फिलिप साळवे, वय पंचावन्न, त्यातली एकोणतीस वर्षं त्या काउंटरमागे काढलेली. ऑकलंड मेरी मी केली होती.

हर्षद गेल्यावर मी राजोपाध्यांना गाठलं.

“साहेब, पॅरिस-बिरिस काही नाही. ती मी केली.”

“म्हणजे?”

“एकोणऐंशीच्या एक जानेवारीला सकाळी ब्रिगेडियरसाहेब डोक्याला मफलर गुंडाळून आले आणि ओरडले, फिलिप, मेरी आण. डब्यातला रस रात्रीच संपला होता. मागे स्वयंपाकघरात सगुणाबाई दुपारच्या जेवणाचं टोमॅटोचं सार करत होती. मी पांढरा एनॅमलचा जग भरून सार आणलं, त्यात व्होडका घातली, लिंबू पिळलं, मिरी घातली. थंडी होती, बर्फसुद्धा घातला नाही. साहेबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, साल्या, हे काय आणलंस! दुपारपर्यंत दहा-बारा जणांनी मागितली. वाहवा वाहवा नुसती. नाव तेवढं साहेबांनी ठेवलं.”

“मग पॅरिस?”

“ते हळूहळू आलं. पहिल्या वर्षी साहेब म्हणायचे, पॅरिसला अशी मिळते असं ऐकलंय. पाच वर्षांनी म्हणायला लागले, पॅरिसला प्यालो होतो. शेवटी शेवटी बारवाल्याने रुमालावर कृती लिहून दिली होती. मी काउंटरमागे उभा राहून सगळं ऐकलंय.”

राजोपाध्ये हसले. माणूस वाईट नव्हता. बँकेतून निवृत्त झालेला, कुणालाच नाही म्हणता न येणारा. अशी माणसं वाईट माणसांपेक्षा जास्त नुकसान करतात, पण त्यांना शिव्या द्यायची सोय नसते.

“पॅरिस काढता यायचं नाही, साळवे. हर्षदने रंगकामाचा भार उचललाय. पण खाली दुसरी ओळ टाकता येईल. ‘प्रथम तयार करणारे, श्री. फिलिप साळवे.’ चालेल?”

चालेल? अहो, धावेल!

“फक्त एक आहे,” ते म्हणाले. “स्वयंपाकघर आता पुण्याच्या केटररकडे जातंय. त्याची माणसं त्याची. आपली जुनी कमी करायचीत. ते सार अजून ती सगुणाबाईच करते ना? मेरीसाठी तिला ठेवावं लागेल का? तुम्ही सांगाल तसं. ठेवायला लागत असेल तर ठेवू, पण मग पाटीवर कुणाकुणाचं नाव टाकायचं तेही बघावं लागेल.”

त्याच दिवशी सकाळी सगुणाबाई माझ्याकडे येऊन गेली होती. सगुणा लोंढे. साठीला आलेली, काळीसावळी, कमी बोलणारी. क्लबचा मराठी स्वयंपाक आणि ग्लास-कप घासणं तिच्याकडे होतं. मागच्या आउटहाउसमध्ये एका खोलीत राहायची. काउंटरच्या कडेला पदर सावरत उभी राहिली आणि म्हणाली, “साळवेदादा, आमाला काढनार म्हनत्यात. तुमचं ऐकत्यात ते. येक शबूद टाका.” मी म्हटलं होतं, बघतो.

आणि आता राजोपाध्ये माझ्याकडे बघत होते.

“छे,” मी म्हणालो. “सार काय, कुणीही करील. खरी कला मिसळण्यात असते.”

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. त्यात एका शब्दाचीही भर नाही. दाराशी क्लबचा वॉचमन दामू उभा होता, त्याच्याकडे माझं लक्षही गेलं नाही.

डिसेंबरभर बार रंगासाठी बंद होता. सगुणाबाई पंधरा तारखेला खोली रिकामी करून भिंगारला लेकीकडे गेली. निरोप समारंभ वगैरे झाला नाही. तेव्हा पाटीवरचा मजकूर कोरायला गेला होता आणि ‘साळवे’मधला ‘ळ’ नीट येतोय ना, हे पाहायला मी दोनदा कारागिराकडे चकरा मारल्या.

एक जानेवारीला मी चर्चमधली नववर्षाची उपासना आटोपून, तपकिरी सूट घालूनच क्लबवर गेलो. बारच्या उघड्या दारांसमोर हिरवळीवर मांडव घातला होता आणि त्यात थर्माकोलचा आयफेल टॉवर उभा होता. गणपतीची आरास करणाऱ्या माणसाकडून करून घेतला होता, त्यामुळे त्याच्या पायथ्याशी कमळं होती. सभासदांनी डोक्याला फ्रेंच टोप्या घातल्या होत्या. साखर कारखान्याच्या संचालकाची टोपी त्याच्या डोक्यावर बसत नव्हती, म्हणून त्याच्या बायकोने ती पिनांनी टाचली होती. मधोमध प्रमुख पाहुण्या म्हणून ब्रिगेडियरांच्या पत्नी मालतीबाई बसलेल्या. वय ऐंशीच्या पुढे.

मी त्यांना नमस्कार केला तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

“फिलिप, हा टॉवर कशाला रे?”

“साहेब पॅरिसला गेले होते ना, बाईसाहेब.”

“यशवंत? त्याला आळंदीपर्यंतसुद्धा गाडी लागायची,” त्या म्हणाल्या आणि शांतपणे समोर बघत राहिल्या. त्या अख्ख्या मांडवात शुद्धीवर असलेलं तेवढं एकच माणूस होतं.

केटररचा महाराज हुशार होता. त्याला मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, टोमॅटोचं सार, पन्नास माणसांचं. सकाळी चमच्याने चाखलं. गरम, आंबटगोड, जिऱ्याचा खमंग वास. माझ्या मनात आलं, सगुणाबाईच्या साराला असा वास कधी येत नव्हता. म्हणजे हे वरचढच! मी खूश झालो. सार टेबलावर गार करत ठेवलं, आणि बाराच्या ठोक्याला, सगळे बघत असताना, कोट काढून बाह्या दुमडल्या.

हर्षदने माइकवर सांगितलं, “आणि आता, डॅडींच्या रेसिपीने, आपला फिलिप!”

मी बर्फ घातला. व्होडका, लिंबू, मिरी, सॉस. हात सवयीने चालत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटीवर निळा मखमली पडदा होता, त्याची दोरी मालतीबाईंच्या खुर्चीला आणून बांधली होती. पहिला ग्लास त्यांना, मग हर्षदला, मग राजोपाध्यांना, मग ट्रे फिरू लागले.

पहिल्यांदा मला हर्षदच्या मिशीवर काहीतरी पांढरं दिसलं. मग राजोपाध्यांच्या ओठावर. मी माझ्यासमोरच्या ग्लासात वाकून पाहिलं. लाल रसावर पांढरे कण तरंगत होते. बर्फाने ते एकमेकांना चिकटून त्यांची साय धरत होती.

तूप होतं ते. महाराजाने सार कसं करायचं तसंच केलं होतं, तूपजिऱ्याची फोडणी देऊन, गूळ घालून. गरम होतं तोवर ते कळलं नाही. बर्फ पडला आणि गोठलं.

“हे काय आहे?” संचालकाच्या बायकोने विचारलं. “मेण आहे का?”

“फ्रेंच क्रीम असेल,” एक बिल्डर म्हणाला, आणि त्याने खरोखरच तो थर जिभेने चाखून मान डोलावली.

मालतीबाईंनी रुमालाने ओठ पुसले आणि ग्लास खुर्चीखाली ठेवला. हर्षद माझ्याकडे आला. चेहरा टोमॅटोसारखाच झाला होता.

“फिलिप, तू नाक कापलंस. अर्धा तास देतो तुला. पडदा तोवर उघडणार नाही. ही जमली नाही तर तुझ्या नावावर चिकटपट्टी लावून पाटी उघडीन.”

मी लूना काढली आणि भिंगारला निघालो. पन्नास माणसांचं सार अर्ध्या तासात कसं करायचं, याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. एवढंच डोक्यात होतं की पंचवीस वर्षं त्या पांढऱ्या एनॅमलच्या जगमध्ये कधी तूप आलं नव्हतं, आणि का आलं नव्हतं हे मला माहीत नव्हतं.

सगुणाबाई लेकीच्या दारात उन्हाला बसून मेथी निवडत होती. माझा सूट, टाय आणि घामाने भिजलेली कॉलर तिने वरपासून खालपर्यंत पाहिली.

“बसा दादा. नवीन वर्साचा च्या घ्या.”

“चहा नको. सगुणाबाई, साराला फोडणी कशी द्यायचात तुम्ही? तूप कसं गोठायचं नाही?”

“कुठल्या साराला?”

“कुठल्या म्हणजे? सार. आपलं टोमॅटोचं.”

“जेवनाच्या का बारच्या?”

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

“दोन पातेली असायची ना,” ती म्हणाली. “जेवनाचं येगळं, तुमचं येगळं. तुमच्यात कवा फोडनी न्हाई घातली मी. जिरं कोरडंच भाजायचं अन् कुटायचं. गूळ बी न्हाई. आमसुलाचं पानी घालायची, मिरी घालायची, अन् दोनदा फडक्यातनं गाळायची.”

“कधीपासून?”

“पयल्या सालापासनं.” तिने मेथीची एक जुडी संपवली, दुसरी घेतली. “तुमी पयल्या दिशी सार नेलं, ग्लास माज्याकडं घासाया आले. समदे निम्मे भरलेले. कडंला तुपाचा थर. वासानं कळलं काय घातलंय त्ये. मनात म्हनलं, मानसं टाकत्यात म्हंजी आपल्या सारातच कायतरी चुकलंय.”

“निम्मे?” मी म्हणालो. “अहो, त्या दिवशी लोक वाहवा करत होते! मागून मागून घेत होते.”

“आसंल. मी आत व्हते, मला काय वाहवा ऐकू आली न्हाई. मला ग्लास दिसले.” ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. “मंग फुडल्या आयतवारी तूप काढलं. जरा कमी ऱ्हायलं. मंग गूळ काढला. मंग आमसूल घातलं. म्हैना-दीड म्हैना लागला. मंग ग्लास रिकामे याया लागले. रिकामा ग्लास आला की आपलं काम झालं.”

“तुम्ही कधी चाखून पाहिलं?”

“दारू? आगं बया!” ती हसली. “चाखायची कशाला? ग्लास सांगत्यात की.”

पंचवीस वर्षं मी काउंटरच्या आत उभा राहून घासलेले, लखलखीत ग्लास पुसत होतो. लोकांची तोंडं ऐकत होतो. उष्टा ग्लास माझ्या हातात कधी आलाच नाही. मी केलं काय होतं? कुणाच्याही हाताला येणारं, व्होडका ओतायचं काम. ब्रिगेडियराने माझं श्रेय स्वतःच्या नावावर करून घेतलं म्हणून मी इतकी वर्षं त्याला मनातल्या मनात लाखोली वाहत होतो, आणि ते श्रेय तरी माझं कुठे होतं?

“मला कधी बोलला नाहीत,” मी म्हणालो.

“तुमी कवा इचारलं?”

“चला सगुणाबाई. लूनावर मागे बसा. पन्नास माणसं थांबलीत, तुम्ही नुसतं त्या महाराजाला सांगा. पाटी आज उघडायचीय.”

“पाटीवर कुनाचं नाव हाये?”

मी टायची गाठ सैल केली. तिने घाई केली नाही. मेथीची पानं खुडत राहिली.

“ब्रिगेडियरसाहेबांचं,” मी म्हणालो. “आणि खाली माझं.”

तिने मान हलवली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

“दामू आला व्हता आठ दिसांखाली,” ती म्हणाली. “त्यो म्हनला, साळवेदादा सेक्रेट्रीला बोलले, सार कुनीबी करील. तुमीच म्हनला ना दादा?”

“हो.”

“मंग हाईत की पन्नास मानसं तिथं. सांगा कुनालाबी.” ती उठली, मेथीची टोपली कमरेवर घेतली. “मला सैपाक हाये.”

परत येताना मी छावणीच्या दुकानातून टोमॅटोच्या रसाचे डबे घेतले. सगुणाबाईच्या साराआधी क्लबमध्ये चालायचे तेच, परदेशी चित्राचे, थंडगार, गोडसर, टीनचा वास मारणारे. क्लबवर येऊन मी त्यात व्होडका ओतली, लिंबू पिळलं, मिरी घातली, वर कांद्याची पात खोचली. ट्रे पुन्हा फिरले.

“आता बघा!” हर्षद पहिल्याच घोटाला म्हणाला. “हीच! डॅडींची चव!”

“अगदी पॅरिस,” तो बिल्डर म्हणाला.

“पंचवीस वर्षं तीच चव, साळवे,” राजोपाध्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “मानलं तुम्हाला.”

सगळा मांडव वाहवा करू लागला. टोप्या हलत होत्या, फोटो निघत होते. मालतीबाईंनी ग्लास घेतलाच नाही. मी काउंटर सोडला आणि मागच्या मोरीकडे गेलो. एकोणतीस वर्षांत मी त्या मोरीपाशी कामाशिवाय कधी उभा राहिलो नव्हतो. केटररच्या माणसांनी उष्टे ग्लास आणून कट्ट्यावर ओळीने ठेवले होते.

सगळे निम्मे भरलेले होते.

काही निम्म्याहून जास्त. एकात तर फक्त पात चावून टाकली होती. आणखी एक ट्रे आला, तोही तसाच. बाहेर तीच माणसं अजून वाहवा करत होती, मला इथपर्यंत ऐकू येत होतं. सगुणाबाई इथे असती तर पहिल्या दोन ग्लासांतच तिला कळलं असतं आणि पुढच्या रविवारी तिने काहीतरी काढलं असतं, काहीतरी घातलं असतं.

मी एक ग्लास उचलला, मोरीत ओतला आणि घासायला घेतला. साबण हाताला लागला तेवढ्यात बाहेर माइकवर माझं नाव पुकारलं गेलं.

“साळवे! अरे साळवे कुठंय? पडदा उघडायचाय!”

मला वाटलं, जाऊ नये. खरंच वाटलं. इथेच उभं राहावं, सगळे ग्लास घासून टाकावेत, आणि कुणी विचारायला आलं तर खरं सांगून टाकावं.

मग मी हात धुतले, बाह्या खाली केल्या, कोट चढवला आणि बाहेर जाऊन ब्रिगेडियरच्या नावाखाली उभा राहिलो. टाळ्या बराच वेळ चालल्या, आणि मी त्या सगळ्या घेतल्या.